बाजारातून बकरा आणा, रोग आणू नका

खुलताबाद गाव लहान, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ मोठी. दर्ग्यांना येणारे जायरीन, भद्रा मारुतीला येणारे भाविक, शेजारी वेरूळची लेणी पाहून वर येणारे प्रवासी. त्यात हजरत जरजरी जर बक्ष यांचा उरूस भरला की माणूस मोजता येत नाही. जिथे एवढी माणसे, तिथे बकऱ्याचा, कोंबडीचा, दुधाचा धंदा चालायचाच. कुरेशी, मुलाणी, बागवान, हॉटेलवाले, सर्वांची चूल त्यावर पेटते. या धंद्यातील एका नुकसानीविषयी आज लिहावयाचे आहे. ते वहीत कोणी मांडत नाही.

गावातील एका बकरा व्यापाऱ्याची हकीकत आम्ही त्याच्याच ओट्यावर बसून ऐकली. एका आठवडी बाजारातून त्याने अकरा बोकड आणले. भाव नेहमीपेक्षा कमी लागला म्हणून तो खूश होता. रात्री घरच्या उस्मानाबादी शेळ्यांच्या वाड्यातच ते बांधले. पाचव्या दिवशी दोन बोकडांना ताप भरला, डोळ्यांतून पाणी, नाकातून घट्ट शेंबूड. मग तोंड आले, पाठोपाठ हागवण. पंधरा दिवसांत नव्या-जुन्या मिळून चौदा शेळ्या-बोकड गेले. "सस्ता समझके लिया भाई, वोइच महंगा पडा," एवढेच तो बोलला. बोकड मूळ कुठल्या गावचे, हे त्याने दलालाला विचारले नव्हते आणि दलालानेही सांगितले नव्हते.

हा रोग म्हणजे पीपीआर, आपल्याकडे शेळ्यांची बुळकांडी म्हणतात. गुरांची बुळकांडी 2011 साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले; शेळ्या-मेंढ्यांची मात्र अजून आहे. भारतात ती प्रथम 1987 साली तामिळनाडूत आढळली. आजारी जनावराच्या श्वासातून, शिंकेतून, लाळेतून आणि विष्ठेतून ती शेजारच्या जनावराला लागते. माणसाला ती होत नाही. कळपाला आधी लस दिलेली नसेल तर निम्म्याहून अधिक कळप आडवा होऊ शकतो. पण रोगाची लागण झाल्यावर लक्षण दिसायला चार-सहा दिवस, कधी दहा दिवस जातात. बाजारात टणटणीत दिसणारा बोकड तुमच्या वाड्यात येऊन पडतो, तो यामुळे. व्यापाऱ्याची नजर कितीही पारखी असो, या चार दिवसांत ती काही पाहू शकत नाही.

म्हणून नवे जनावर निदान 21 दिवस वेगळे बांधावे. वेगळे म्हणजे त्याच वाड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे. पाण्याचे भांडे वेगळे, चाऱ्याची जागा वेगळी, आणि चारा-पाणी करणाऱ्याने आधी घरच्या शेळ्यांचे करावे, नव्यांचे शेवटी. आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नये, ही हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. बाजारात उतरल्यावर ती का विसरली जाते, हा आमचा प्रश्न आहे. लसही आहे. एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे काम देते. पण सकाळी लस टोचून दुपारी जनावर कळपात सोडले तर उपयोग शून्य, कारण अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात. ईदच्या आठ दिवस आधी दवाखान्यात धावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एकाच्या गोठ्यातला रोग सर्वांचा बाजार कसा बसवतो, हे 2022 साली लम्पीने दाखवले. 4 ऑगस्ट 2022 रोजी आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील चिनावल येथे त्या साथीतले राज्यातील पहिले जनावर आढळले. सप्टेंबरात गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. ज्याच्या दावणीला एकही आजारी जनावर नव्हते त्याचाही धंदा बुडाला. लम्पी पसरवणाऱ्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड. ती माणसाला होत नाही. तरीही लोकांनी दुधाला हात लावायचे सोडले, हे अज्ञानाचे नुकसान. 2020 च्या बकरी ईदला तर उलटे घडले. रोग माणसाचा, आणि बाजार जनावरांचे बंद.

मरतुकीची खबर दडवणारे व्यापारी म्हणतात, सांगितले तर बाजार बंद पडेल. न सांगितल्याने तो अधिक दिवस बंद पडतो, असे आमचे मत आहे. 2009 च्या कायद्याने जनावराच्या साथीच्या रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. शिवाय लम्पीत मेलेल्या जनावरांना सरकारने भरपाई दिली: दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000 रुपये. ती मिळाली नोंद असलेल्या जनावराला. गुपचूप पुरलेल्याला कोण देणार?

आता दुकानातील हातांकडे येऊ. शेळी गाभडली की पुष्कळदा कारण असते ब्रुसेलोसिस. हा रोग माणसालाही होतो: कच्च्या दुधातून, आणि गाभडलेल्या शेळीचा जार उघड्या हातांनी काढताना. खाटीक, गवळी, शेळीवाले यांना धोका अधिक. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखतात. डॉक्टर टायफॉइड समजून औषध देतो, कारण रोगी आपला धंदा सांगत नाही. आमची कळकळीची विनंती आहे की ताप लांबला तर डॉक्टरला प्रथम हे सांगा की तुम्ही जनावरांत काम करता. रक्त तपासून रोग कळतो आणि औषधाने बरा होतो, मात्र औषध सहा आठवडे तरी घ्यावे लागते. चार दिवसांनी बरे वाटले म्हणून सोडले तर रोग परततो.

दुसरी गोष्ट ऐकून पुष्कळ जण चकित होतात. कलेजी किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी निघतात. गिऱ्हाईक तो भाग घेत नाही, म्हणून तो कापून दुकानासमोरच्या कुत्र्याला टाकला जातो. पुण्य केल्याचे समाधान मिळते, आणि रोगाचे चाक तिथूनच फिरू लागते. त्या गाठींत हायडेटिड नावाच्या जंताची पिले असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे अगदी बारीक जंत होतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती गवतावरून शेळीच्या पोटात जातात, आणि भाजीवरून, हातावरून मुलांच्या. माणसाच्या यकृतात तशीच गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सुटका नाही. मटण खाऊन हा रोग होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतून होतो. तेव्हा गाठीचा अवयव खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला द्यायचाच असेल तर अर्धा तास उकळून द्या. बकरी ईदच्या दिवशी गल्लीत काय काय पडलेले असते ते आम्ही सांगायला नको.

चामड्याच्या कारागिरांसाठी एकच, पण जीवावरची गोष्ट. धडधाकट जनावर अचानक मेले, नाकातून व गुदद्वारातून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही, तर ती फाशी असू शकते. त्याचे कातडे काढू नका. माणसाला काळपुळी होते, आणि कापलेल्या जनावरातून पडलेले जंतू मातीत कित्येक दशके जिवंत राहतात. दवाखान्याला कळवा, न कापता चुन्यासह खोल पुरा. कातड्याच्या पैशासाठी धोका पत्करण्याजोगा हा माल नव्हे.

खर्चाची तक्रार होते, तीही खरी नाही. लाळ्या-खुरकुताची आणि वासरांच्या ब्रुसेलाची लस 2019 पासून केंद्राच्या योजनेतून फुकट मिळते. जनावरांच्या कानात बारा आकड्यांचा बिल्ला मारतात. जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. हा बिल्ला पुष्कळांना कटकट वाटतो. आम्हाला वाटते, जनावर कुठल्या गावचे हे दलालाने सांगितले नाही तरी तो आकडा सांगेल. आजारी जनावराकरिता 1962 या क्रमांकावर फोन करता येतो.

त्या व्यापाऱ्याने आता वाड्याच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूस, पत्र्याची वेगळी झोपडी उभारली आहे. दारात चुन्याची ओळ टाकली आहे. आम्ही बसलो असतानाच एक गिऱ्हाईक आले आणि त्या झोपडीतला काळा बोकड पसंत करून बयाणा काढू लागले. घरी आणखी शेळ्या आहेत का, असे त्याने विचारले. आहेत, म्हटल्यावर बयाणा घेतला नाही. बोकडाला येऊन बाराच दिवस झालेत, नऊ दिवसांनी या, म्हणाला.