सूज नेमकी कुठे आहे?

पायावर सूज आली की मीठ तोडायचे आणि लघवी साफ होण्याची गोळी घ्यायची, हा आपल्या घरोघरचा उपाय. रक्तदाबाच्या रुग्णाला तो पुष्कळदा लागू पडतो, म्हणून फुफ्फुसाच्या कर्करोगातही सवयीने केला जातो. मुलांच्या नोकरीमुळे बंगळूरच्या इंदिरानगरात राहायला आलेल्या आणि उपचार मात्र पुण्या-मुंबईत चालू असलेल्या आईवडिलांच्या बाबतीत तर सल्ला फोनवरच मागितला जातो : ‘सूज आलीय, काय देऊ?’ एवढ्यावर कुणीही उत्तर देऊ नये. या आजारात सूज अनेक कारणांनी येते, आणि जागा पाहिल्याशिवाय केलेला उपाय उलटू शकतो.

सकाळी चेहरा, मान आणि हात सुजलेले, वाकले की डोके जड, छातीवरच्या शिरा फुगलेल्या, असे दिसले तर वरच्या अंगाचे रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर गाठीचा दाब पडला असावा. विल्यम हंटरने 1757 मध्ये हा प्रकार नोंदवला तेव्हा कारण महाधमनीचा फुगवटा होते. आज फुफ्फुसाचा कर्करोग हे त्याचे एक मोठे कारण आहे. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. तिला तेल लावून चोळू नये. गुठळी सुटून फुफ्फुसात अडकू शकते. दोन्ही पाय सुजण्यामागे रक्तातले घटलेले प्रथिन, स्टिरॉइड, काही कर्करोगविरोधी औषधे, हृदय, किंवा नुसते खुर्चीत बसून राहणेही असते. सगळ्यात फसवा प्रकार श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत वर्णिला : शरीर पाणी धरून ठेवते, रक्तातले सोडियम उतरते, पण अंगावर सूज दिसत नाही. मळमळ, गुंगी, असंबद्ध बोलणे एवढेच. इथे मर्यादा पाण्यावर घालावी लागते. मीठ तोडले तर प्रकृती आणखी ढासळते.

गोळीने सूज उतरते, मग बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. हृदयामुळे आलेली सूज उतरेलही. गुठळी मात्र तिथेच राहते आणि सोडियम आणखी घसरू शकते. आजार इतका वाढल्यावर तपासण्यांचा छळ कशाला, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण दबलेल्या शिरेत स्टेंट बसवला की चेहऱ्याची सूज बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरू लागते, आणि फुफ्फुसाभोवती साचलेले पाणी काढले की पुष्कळांना त्याच दिवशी मोकळा श्वास घेता येतो. उरलेले दिवस सुसह्य करणारे उपचार वायफळ कसे म्हणावेत?

इंदिरानगरात सर सी. व्ही. रामन सार्वजनिक रुग्णालय आहे, आणि 1973 पासूनची किदवई कर्करोग संस्था शहरातच आहे. चेहरा सुजून किंवा एक पाय सुजून दम लागत असेल, अथवा रुग्ण बरळू लागला असेल, तर पुण्याच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठा.