समजून घ्या : साखर कारखान्याचा कारभार पटत नाही? सभासदाच्या हातात काय काय असतं

सप्टेंबर आला की सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सुरू होतात. अनेक सभांचं चित्र ठरलेलं असतं. विषय वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’चा आवाज येतो आणि प्रश्न विचारायला उठलेला सभासद उभाच राहतो. उसाचा दर, कपाती, कर्ज, वारसनोंद यावरची नाराजी मग पारावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर निघते.

भीमाशंकरच्या पट्ट्यात असे दोन कारखाने आहेत : आंबेगावात पारगाव-दत्तात्रयनगरचा भीमाशंकर आणि जुन्नरमध्ये निवृत्तीनगरचा विघ्नहर. दोन्हींचे मालक सभासद शेतकरी. मालकाला संचालकांचा कारभार पटला नाही, तर कायदा काय सांगतो?

कंपनीच्या शेअरपेक्षा वेगळं काय?

शेअर बाजारातल्या कंपनीवर विश्वास उडाला की शेअर विकून बाहेर पडता येतं. कारखान्याचा शेअर असा बाजारात विकता येत नाही. शिवाय ऊस शेतात उभा असतो, त्यामुळे कारखान्याशी संबंध तोडणंही सोपं नसतं.

दुसरा फरक मताचा. कंपनीत जितके शेअर, तितकी मतं. २०२१ मध्ये ‘झी’मध्ये सुमारे १८ टक्के हिस्सा असलेल्या इन्वेस्को या एकाच गुंतवणूकदाराने व्यवस्थापकीय संचालकांना हटवण्यासाठी विशेष सभेची मागणी केली होती. सहकारात मात्र शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. म्हणजे इथे पैसा नाही, माणसं जमवावी लागतात.

मग करायचं काय?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधली ही कलमं माहीत हवीत :

• कलम ३२ : ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात मोफत पाहता येतात. शुल्क भरून प्रती मिळतात.

• कलम ७५ : आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घेणं बंधनकारक आहे.

• कलम ७६ : एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. उपविधीत वेगळी संख्या दिलेली असू शकते, ती आधी तपासा.

• कलम ८३ : एक पंचमांश सभासदांच्या अर्जावर कारभाराची चौकशी होऊ शकते. त्यात संस्थेचं नुकसान केल्याचं दिसलं, तर कलम ८८ खाली जबाबदार व्यक्तींकडून वसुलीची कारवाई होते.

अडचण कुठे आहे?

आकड्यात. समजा कारखान्याचे २० हजार सभासद आहेत. एक पंचमांश म्हणजे ४ हजार सह्या, त्याही गावोगाव विखुरलेल्या शेतकऱ्यांच्या. अध्यक्षांवर अविश्वास ठराव आणण्याचा अधिकार संचालकांना आहे, सामान्य सभासदांना नाही. त्यामुळे सभासदांचं सर्वात मोठं हत्यार पाच वर्षांतून एकदाच हाती येतं : निवडणूक.

उसाचे पैसे थकले तर?

यासाठी सह्या जमवायची गरज नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी मिळायला हवी. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागू होतं. ३ लाख रुपये मुदतीनंतर ३० दिवस थकले, तर व्याज साधारण ३,७०० रुपये होतं. तक्रार पुण्यातल्या साखर आयुक्तालयाकडे करता येते.

सभेला जाण्यापूर्वी

अहवाल मिळाला की मागच्या वर्षाच्या अहवालाशेजारी ठेवून वाचा. कर्ज, व्याजाचा खर्च, तोडणी-वाहतूक खर्च आणि साखर उतारा हे चार आकडे आधी पाहा. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या आणि सभेनंतर इतिवृत्तात त्याची नोंद झाली का, हे कलम ३२ वापरून तपासा. सभेतला आरडाओरडा दुसऱ्या दिवशी विरतो. पोच घेतलेला कागद पुढच्या अर्जाला जोडता येतो.