आमटीला कोणतं पातेलं?

अमुक धातू विषारी आणि तमुक औषधी, अशी सरसकट वाटणी सध्या जोरात आहे. पितळेची पातेली चढ्या भावाने खपतात आणि ॲल्युमिनियमचं नाव काढलं की लोक दचकतात. खरं तर भांड्याचा धातू अन्नात किती उतरेल, हे बरंचसं पदार्थावर ठरतं. तो किती आंबट आहे, किती गरम आहे आणि भांड्यात किती वेळ राहणार आहे, ते आधी बघावं.

पितळ, तांबं आणि कल्हई

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लागलं की दोन्ही सुटतात. पितळीत ताक कळकतं, हे जुन्या बायकांना सांगावं लागत नसे. म्हणून तर आतून कल्हई. कल्हईवाला पातेलं भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग साफ करतो, कथील टेकवतो आणि ते वितळलं की बोळ्याने भराभर आतून फिरवतो. पांढरा धूर निघतो आणि पातेलं चांदीसारखं लखलखतं. कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं मोठ्या आचेवर ठेवू नये आणि तारेच्या घासणीने घासूही नये. आत पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करून घ्यावी. कथील शुद्धच हवं. स्वस्तातल्या कथिलात शिसं मिसळलेलं असेल, तर रोगापेक्षा इलाज भयंकर.

दूध आंबट नसलं तरी त्यातलं प्रथिन तांबं ओढून धरतं. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार भारतात पूर्वी बराच आढळे. पुण्याचे बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित आणि शीला भावे यांनी स्टुअर्ट टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांबरोबर त्यावर काम केलं. 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाने तांब्या-पितळेच्या भांड्यांत उकळून ठेवलेल्या दुधाकडे बोट दाखवलं. पुढे घराघरांतून ही भांडी गेली आणि आजारही विरळ झाला. ‘आपले पूर्वज वापरत होते’ एवढ्यावर पितळ विकत घेणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

तांब्याच्या कळशीत साधं पाणी ठेवायला हरकत नाही. त्यात लिंबू मात्र पिळू नये.

ॲल्युमिनियम

पाणी तापवा, बटाटे उकडा, काही बिघडत नाही. चिंचेचं सार, टोमॅटोचं सूप, आमसुलाची आमटी मात्र यात शिजवू नये, आणि रात्रभर तर ठेवूच नये. निरोगी मूत्रपिंडं पोटातून शोषलं गेलेलं थोडंफार ॲल्युमिनियम बाहेर टाकतात, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी जपावं. काळपट कडक थर असलेली ॲनोडाइज्ड भांडी यापेक्षा बरी, तो थर शाबूत असेतोवर.

नॉनस्टिक

याचा शत्रू रिकामा तवा. साधारण 260 अंशांच्या पुढे टेफ्लॉनचा थर बिघडू लागतो आणि आणखी तापला की त्याची वाफ घातक ठरते. पाळलेले पक्षी तिने दगावतात. आधी तेल किंवा पीठ, आच मध्यम, उलथणं लाकडी. थर सोलवटला की तवा टाकून द्यावा. ‘पीएफओए-फ्री’ या शिक्क्याने हुरळून जाऊ नये. पीएफओए हे हा थर बनवताना पूर्वी वापरलं जाणारं रसायन, जे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलं. ते नाही म्हणजे टेफ्लॉन नाही असं नव्हे, आणि तवा तापवण्याचा नियम तोच राहतो.

लोखंड आणि बीड

घावन-आंबोळीला बिडाचा तवा हे माझं ठाम मत. पातळ तेल चोळून धूर येईपर्यंत काही वेळा तापवला की तो चिकटत नाही. आंबट भाजी यात काळी पडते आणि लोखंडाची चव येते. उतरणारं लोह बहुतेकांना उपकारकच, पण भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

स्टील, आणि लोहचुंबकाचा गैरसमज

आंबट-गोड सगळं निभावणारं भांडं हेच. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्त 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, पण चुंबक या दोन्हींना सहसा चिकटत नाही. तेव्हा भांड्यावरचा आकडा वाचावा.

ताटं-वाट्या

मेलामाइनच्या ताटल्या मायक्रोवेव्हमध्ये नकोत, आणि त्यांत उकळतं आंबट सारही नको. लोणच्याला चिनी मातीची बरणी उत्तम. मात्र शोभेच्या रंगीत वाडग्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, त्यांत लोणचं मुरवू नये.

परदेशी जाणाऱ्या बॅगेत

लेकीला अमेरिकेत हिंडालियमची कढई पाठवणाऱ्यांसाठी: ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने हिंडालियम, ॲल्युमिनियम आणि पितळेच्या काही आयात भांड्यांतून शिसं उतरत असल्याचा इशारा दिला. असं शिसं घासून जात नाही. कढई कुठल्या धातूची हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ती घेऊ नये.