काचेच्या पेटीतील कासव

मुलांनो, काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे तुम्ही पाहिले असतील. अशा पेटीला मत्स्यालय म्हणतात. काही दुकानांत माशांबरोबर छोटी हिरवी कासवेही विकायला असतात. ती पाहून मासे आणि कासव एकाच पेटीत ठेवावेत, असे पुष्कळांना वाटते.

कळंबला आमच्या गल्लीतील एका मुलालाही तसेच वाटले. ईदीच्या पैशांतून त्याने एक कासव विकत आणले आणि माशांच्या पेटीत सोडले. पेटीत सहा गप्पी मासे होते. आठ दिवसांनी दोनच उरले. त्यांच्या शेपट्याही कुरतडलेल्या होत्या. पाण्याला वास येऊ लागला. कासव सुस्त झाले. मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. "सर, माझे काय चुकले?" त्याने विचारले.

मासा आणि कासव दोघेही पाण्यात राहतात. पण त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. मासा कल्ल्यांनी पाण्यातील प्राणवायू घेतो. कासवाला फुप्फुसे असतात. श्वास घेण्यासाठी त्याला पाण्याबाहेर डोके काढावे लागते. अंग शेकण्यासाठी त्याला कोरडी जागा आणि ऊन लागते. ऊन व योग्य आहार मिळाला नाही, तर त्याची पाठ मऊ पडते.

दुसरी गोष्ट अन्नाची. लहान कासव किडे, अळ्या व छोटे मासे खाते. मोठे झाल्यावर ते पाणवनस्पतीही पुष्कळ खाते. मोकळ्या तळ्यात मासा पळून जाऊ शकतो. पेटीत तो कोठे पळणार? शिवाय कासवाची विष्ठा जास्त असते. तिच्यामुळे पाण्यात अमोनिया वाढतो आणि तो माशांना विषासारखा ठरतो.

दुकानात मिळणारे हे कासव बहुधा अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील असते. त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा असतो. आज ते तळहातावर मावते. पण पुढे त्याची पाठ पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. ते वीस-तीस वर्षेही जगते. तेव्हा शंभर लिटरची पेटीही त्याला अपुरी पडते.

मुलगा म्हणाला, "मग सर, मी त्याला चक्रावती नदीत सोडून देऊ का?"

"नाही," मी म्हणालो. "त्यात तुझी सुटका होईल, पण नदीचे नुकसान होईल."

हे परदेशी कासव आपल्या देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. त्यांच्यात रोगही पसरवू शकते. आसाम आणि केरळमधील पाण्यात अशी सोडलेली कासवे सापडली आहेत. युरोपातील देशांनी १९९७ साली त्यांची आयात बंद केली.

मग विहिरीतील किंवा तळ्यातील देशी कासव घरी आणावे काय? तेही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे गुन्हा आहे.

आम्ही त्या कासवासाठी एक रुंद टब आणला. त्यात थोडे पाणी भरले आणि चढून बसण्यासाठी विटा रचल्या. टब अंगणात अशा जागी ठेवला, की अर्ध्या भागावर सकाळचे ऊन पडेल आणि अर्धा सावलीत राहील. आपल्याकडचा उन्हाळा कडक, म्हणून सावली हवीच. मांजर व कावळ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून वर जाळी बसवली. माशांच्या पेटीतील पाव भाग पाणी दर आठवड्याला बदलायचे ठरवले. नळाचे नवे पाणी एक दिवस भांड्यात ठेवून मगच पेटीत घालावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जातो.

कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेत १९७५ साली दहा सेंटिमीटरहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली.

आता तो मुलगा रोज सकाळी आधी टब धुतो आणि मग शाळेत येतो. हे काम त्याला आणखी कित्येक वर्षे करायचे आहे. मुलांनो, मुका जीव घरी आणण्यापूर्वी तो आपल्याला किती आवडतो एवढेच पाहू नका. त्याला काय लागते, हेही विचारा.

शब्दार्थ
कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव
विष्ठा – प्राण्याची घाण
बळकावणे – जबरदस्तीने घेणे

प्रश्न
१. कासवाला पेटीत कोरडी जागा का लागते?
२. परदेशी कासव नदीत का सोडू नये?
३. तुमच्या घरी किंवा शेजारी असलेल्या एका प्राण्याच्या गरजा पाच वाक्यांत लिहा.