अद्भुतकथा आणि घरचा अभ्यास: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाचे शिक्षण शाळेच्या हवाली न करता आपल्याच अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय ज्या कुटुंबांनी घेतला आहे, मग ती पुण्यात राहोत वा अमेरिकेत, त्यांच्यापुढे मूल अकरा-बारा वर्षांचे झाले की साहित्याच्या अभ्यासाचा प्रश्न उभा राहतोच. आणि त्या वयात मुलाचे मन बहुधा राक्षस, मांत्रिक आणि मंतरलेल्या अंगठ्या यांच्या कथांत रमलेले असल्यामुळे, याच कथांवर वर्षाचा अभ्यासक्रम बेतावा काय, हा विचार पालकांच्या मनात येतो आणि तितक्याच लवकर मावळतोही. तो मावळण्याची कारणे तपासली असता त्यांत तथ्यापेक्षा गैरसमजच अधिक आढळतात.

गैरसमज: अद्भुतकथा हे बालवाङ्मय, गंभीर अभ्यासास ते अपुरे पडते.

वस्तुस्थिती: सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ हा ग्रंथ 11व्या शतकात काश्मीरची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी रचला, आणि मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील ‘मुक्तामाला’ (1861) व ‘मंजुघोषा’ (1868) या अद्भुतरम्य कृतींचे वाचकही प्रौढच होते. ‘द हॉबिट’ (1937) लिहिणारे जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते, आणि परीकथांचा संबंध केवळ बालकांशी जोडणे हा इतिहासाचा एक अपघात आहे, असे प्रतिपादन त्यांनी 1939 साली एका व्याख्यानात केले. त्यांच्या कथेतील बुटक्यांची बहुतेक नावे एका प्राचीन नॉर्स काव्यातून आली आहेत, आणि निद्रिस्त ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरण्याच्या प्रसंगाचे मूळ ‘बेवुल्फ’ या महाकाव्यात आहे. म्हणजे ज्या पुस्तकाकडे मूल आपखुशीने धाव घेते, त्याच पुस्तकाच्या वाटेने ते सहस्र वर्षांपूर्वीच्या काव्यापर्यंत पोहोचू शकते. मात्र ही वाट दाखविणारा अभ्यासक्रम निवडला पाहिजे.

गैरसमज: चमत्कारांच्या वाचनाने मूल अंधश्रद्ध आणि वास्तवापासून दूर होते.

वस्तुस्थिती: अंधश्रद्धा प्रत्यक्ष जगातील कार्यकारणभावाविषयी खोटा दावा करते, अद्भुतकथा असा कोणताही दावा न करता, पुस्तक मिटेपर्यंत एक कल्पित सृष्टी गृहीत धरण्याची संमती तेवढी मागते, आणि सहावी-सातवीच्या मुलाला हा भेद उत्तम प्रकारे उमगतो. शिवाय चांगल्या अद्भुतकथेतील जादू बेबंद नसते. उर्सुला ले गुइन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) या कादंबरीत प्रत्येक मंत्राने सृष्टीचा समतोल ढळू शकतो, आणि गेड नावाचा तरुण मांत्रिक केवळ अहंकारापोटी जी छाया जगात सोडतो, तिला अखेर स्वतःच सामोरा जातो. आपल्या कृत्याची जबाबदारी आपणच उचलावी लागते, हे सत्य कोवळ्या वयात इतक्या प्रभावीपणे सांगणारी पुस्तके वास्तववादी वाङ्मयातही विरळाच आहेत.

गैरसमज: तयार अभ्यासक्रम विकत घेतला की काम झाले, आणि पुस्तकांची यादी जितकी लांब तितका अभ्यासक्रम भरगच्च.

वस्तुस्थिती: अभ्यासक्रमाचा कस यादीवरून लागत नाही, त्यातील प्रश्नांवरून लागतो. ‘द हॉबिट’ची प्रकरणे 19 आहेत, आठवड्यास एक या हिशेबाने हे एकच पुस्तक शैक्षणिक वर्षाचा निम्मा काळ व्यापू शकते, आणि त्यात काही गैर नाही. पाचवे प्रकरण उदाहरणादाखल घेऊ. अंधाऱ्या गुहेत कथानायक बिल्बो आणि तेथे एकाकी राहणारा गॉलम यांच्यात कोड्यांची स्पर्धा होते. 1937 च्या मूळ मजकुरात बिल्बो जिंकल्यास त्याला आपली जादूची अंगठी देण्याचे गॉलमने कबूल केलेले होते. ती आधीच बिल्बोच्या हाती लागलेली असल्याने गॉलमला सापडेना, तेव्हा त्याने क्षमा मागितली आणि बाहेर पडण्याची वाट दाखविली. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ही अंगठी सर्वनाशाचे साधन ठरणार असल्यामुळे टोल्किन यांनी हे प्रकरण नव्याने लिहिले, आणि 1951 च्या आवृत्तीत गॉलम अंगठी गेल्याने पिसाळतो, तर अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो हातात तलवार असूनही, त्याच्या एकाकी दैन्याची करुणा येऊन, त्याला न मारता वरून उडी घेऊन निसटतो. पुढील महाकथेचा शेवट या एका क्षणाच्या दयेवर अवलंबून आहे.

आता या प्रकरणावर सुमार अभ्यासक्रम काय विचारील? कोडी किती होती, आणि बिल्बोच्या खिशात काय होते. चांगला अभ्यासक्रम विचारील की गॉलमला मारण्यास बिल्बोपाशी कोणती कारणे होती, न मारण्यास कोणती होती, आणि लेखकाने हा बदल केला नसता तर पुढच्या कथेचे काय झाले असते. पहिल्या प्रश्नांनी स्मरणशक्तीची परीक्षा होते. दुसऱ्यांनी विवेक घडतो. आणि मुलाचे उत्तर ऐकून त्यावर प्रतिप्रश्न करण्यासाठी पालकाने ते प्रकरण स्वतः वाचलेले असणे अनिवार्य आहे.

गैरसमज: हा सारा परकीय माल आहे, मराठी घराला त्याचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती: वेताळाच्या ज्या कथा ‘कथासरित्सागरा’त समाविष्ट आहेत, त्यांची रचनाच मुळी अभ्यासासाठी आदर्श आहे, कारण प्रत्येक कथेच्या शेवटी प्रश्न येतो, उत्तर ठाऊक असून गप्प राहिल्यास वेताळाला खांद्यावर वाहून नेणाऱ्या राजाचे मस्तक फुटेल, आणि बोलल्यास मौनभंग होऊन वेताळ पुन्हा झाडावर जाईल, असा पेच असतो. त्यांपैकी एका कथेत देवीच्या कृपेने दोन मृत पुरुषांना सजीव करताना स्त्रीच्या हातून धडांवर मस्तकांची अदलाबदल होते, आणि तिचा पती कोणता, असा प्रश्न वेताळ टाकतो. मस्तक हे सर्व अवयवांत श्रेष्ठ, सबब पतीचे मस्तक ज्या देहावर तोच पती, असे राजा सांगतो. हे उत्तर मान्य आहे काय, नसल्यास कोणत्या कारणाने, यावर सातवीच्या मुलाकडून दोन पृष्ठे लिहून घेतली तर युक्तिवादाचा याहून चांगला पाठ सापडणे कठीण. ‘द हॉबिट’मधील कोडी आणि वेताळाचे प्रश्न शेजारी-शेजारी ठेवून शिकविण्याची सोय इंग्रजी अभ्यासक्रमांत सहसा नसते, ती तजवीज मराठी पालकानेच करावयाची आहे. मात्र जुन्या कथासंग्रहांच्या असंक्षिप्त आवृत्त्या प्रौढांसाठी लिहिलेल्या असल्याने त्या अगोदर स्वतः वाचूनच मुलाच्या हाती द्याव्यात.

गैरसमज: अशा अभ्यासाने मूल परीक्षेत मागे पडेल.

वस्तुस्थिती: अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकविण्यास कायद्याने मुभा आहे, जरी नोंदणी आणि मूल्यमापन यांचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. भारतात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा आठवीशी समकक्ष असा स्तर उपलब्ध असून, वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या माध्यमिक परीक्षेस रीतसर बसता येते. भाषेच्या परीक्षेत अपरिचित उतारा समजून घेणे, मत मांडणे आणि ते नीट लिहिणे हेच अपेक्षित असते, आणि ही कौशल्ये अद्भुतकथेवरही पूर्णपणे कमावता येतात. अर्थात कविता, चरित्र, पत्र आणि निबंध यांना अद्भुतकथा पर्याय होऊ शकत नाही. म्हणून तिला वर्षाचा कणा करावा, पण संपूर्ण देह करू नये.

पैसे मोजण्यापूर्वी अभ्यासक्रमाचा एक नमुना-पाठ मागवून घ्यावा, त्यातील प्रश्नांची उत्तरे पालकाने स्वतः लिहून पाहावीत, आणि एकाही प्रश्नासाठी पुस्तकाकडे परत वळावे लागले नाही, तर तो अभ्यासक्रम कितीही नावाजलेला असला तरी निःशंकपणे बाजूला सारावा. मुलाची गोडी ही शिक्षणातील सर्वांत दुर्मीळ ठेव आहे. ती ज्या पुस्तकांनी आपण होऊन आणून दिली, त्यांना क्षुल्लक ठरविण्यापेक्षा त्यांच्याकडून अधिक मोठी अपेक्षा करणे हेच पालकाचे कर्तव्य होय.