घरच्या संगणकाची किल्ली

खरेदीखते, जन्मपत्रिका, कुळाची वंशावळ इत्यादी कागद पूर्वी माजघरातील पेटीत राहत. २०१९ व २०२१ साली पंचगंगेच्या पुराचे पाणी आमच्या कोल्हापुरात कित्येक घरांत शिरले, तेव्हा कागदांची दुसरी प्रत संगणकात असणे किती हिताचे, हे निराळे सांगावे लागले नाही. परंतु संगणकही चोरीस जातो, आणि त्याबरोबर घरातील सर्व खाजगी व्यवहार परक्याच्या हाती पडतो. यास्तव डिस्कवरील सर्व मजकूर गुप्तलिपीत ठेवावा हे उत्तम. त्या लिपीची किल्ली कशी घडवावी, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

या कामी आज बहुधा ‘एईएस’ ही पद्धत योजितात. डेमन व राइमेन या दोघा बेल्जियन पंडितांनी ती रचिली व २००१ साली अमेरिकन सरकारने ती प्रमाण ठरविली. तिची कृती उघड आहे. गुप्त असते ती केवळ किल्ली. किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. २५६ बिटांच्या किल्लीचे जितके प्रकार संभवतात, त्यांची गणती लिहिण्यास ७८ अंक लागतात.

हे गणित आपणांस परके नाही. सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. विष्णूच्या चार हातांतील चार आयुधांची अदलाबदल केली असता मूर्तीचे २४ भेद होतात. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांचे मात्र ३६,२८,८०० होतात! शोधणाऱ्यास जितके भेद तपासावे लागतील, तितके किल्लीचे बळ.

परंतु भेद पुष्कळ असून भागत नाही. त्यांपैकी प्रत्येकाची निवड होण्याचा संभव सारखा असावा लागतो. मनुष्याच्या मनास हे साधत नाही. कोल्हापूरकर परवलीचा शब्द निवडू लागला की अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, नाही तर नातवाचे नाव, आणि फार तर पुढे ०२३१! चोरासही हे शब्द ठाऊक असतात. यंत्रही याच ठिकाणी फसते. डेबियन नामक प्रणालीत २००६ साली केलेल्या एका फेरफारामुळे यदृच्छेचा अंशच जवळजवळ नाहीसा झाला. किल्ल्या दिसावयास लांबलचक. पण एकेका जातीच्या जेमतेम ३२ हजारच निघू शकत. हा दोष २००८ साली उघडकीस आला.

म्हणून मूळ किल्ली संगणकासच घडवू द्यावी. कळा दाबण्याच्या वेळांतील सूक्ष्म अंतरे इत्यादींतून तो यदृच्छा गोळा करतो. माणसाने द्यावयाची ती मूळ किल्ली उघडणारी परवलीची शब्दावली. तिच्यासाठी फाशांचे साहाय्य घ्यावे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. ७,७७६ शब्दांची क्रमवार यादी घ्यावी. फासा पाच वेळा टाकून येईल तो शब्द उचलावा. असे सहा शब्द जमवावे. यादी चोराच्या हाती असली तरी त्यास चोवीस अंकी संख्येइतके भेद तपासावे लागतील. मात्र आलेला शब्द रुचला नाही म्हणून फासा पुन्हा टाकू नये. तसे केले की निवड पुन्हा मनाची झाली. फाशांनी धर्मराजाचे राज्य घालविले, पण येथे तेच फासे घर राखतात.

आता एकत्र कुटुंबाची गोष्ट. घरातील कर्त्या पुरुषानेच शब्दावली मनात ठेवली आणि तो अकस्मात गेला, तर चोराप्रमाणेच मुलासुनांसही ती पेटी कायमची बंद होते. सोडविणारा कोणी लोहार नाही. लिनक्स प्रणालीतील ‘लक्स’ व्यवस्थेत यावर सोय आहे. मूळ किल्ली एकच, पण तिला उघडणाऱ्या शब्दावल्या निरनिराळ्या; पहिल्या आवृत्तीत अशा आठ जागा होत्या, दुसरीत ३२ पर्यंत आहेत. थोरल्या मुलाची एक, सुनेची एक, अशा त्या वाटून द्याव्यात. एखादी फुटली तर तेवढीच रद्द करावी. शिवाय डिस्कच्या आरंभीच्या ज्या भागात ही व्यवस्था नोंदलेली असते, त्याची प्रत निराळी राखावी. तो भाग नासला तर शब्द पाठ असूनही उपयोग नाही. आणि एक शब्दावली कागदावर लिहून, लखोटा बंद करून, बँकेच्या लॉकरात ठेवावी.

चोरापासून राखलेले धन वारसांस मिळेल, अशी तजवीज आपल्या हयातीतच करून ठेवणे हे गृहस्थाचे कर्तव्य होय.