स्वरांचे जतन

गायक गाऊन उठतो, टाळ्यांचा कडकडाट शमतो, दिवे मालवतात आणि क्षणापूर्वी सारे सभागृह भारून टाकणारा स्वर हवेत विरून जातो. चित्र भिंतीवर राहते, ग्रंथ कपाटात राहतो. स्वर मात्र मुद्रित केला तरच उरतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६५ साली ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा रॉक संगीतवृंद उदयास आला. एकच गीत हे कलावंत प्रत्येक कार्यक्रमात निराळ्या रीतीने रंगवीत. म्हणून कित्येक रसिक ध्वनिमुद्रक घेऊनच येत. पुष्कळ कलावंत अशा मुद्रणास मनाई करीत. या वृंदाने मात्र १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. अट इतकीच, की ध्वनिफिती विकावयाच्या नाहीत, एकमेकांस द्यावयाच्या.

या औदार्याचे मोल एका प्रसंगावरून कळते. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला कार्यक्रम वृंदाच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी मुद्रित केला होता. पुढे कोठीचे भाडे थकल्यामुळे त्यांच्या शेकडो फिती १९८६ साली लिलावात गेल्या. ध्वनिफीत म्हणजे चुंबकीय भुकटीचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी. ओल लागली की लेप चिकट होतो, भुकटी झडते आणि तिच्याबरोबर गाणेही जाते. परंतु रसिकांनी त्या फितींच्या प्रती काढून वाटल्या, आणि कॉर्नेलचा कार्यक्रम सर्वतोमुखी झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत त्याचा समावेश केला.

फितीची प्रत दर वेळी थोडी पुसट होते. यास्तव आता ध्वनीचे अंकांत रूपांतर करून तो संगणकात साठवितात. अंकांची नक्कल मूळाबरहुकूम उतरते. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था २००२ पासून संगीताच्या कार्यक्रमांचा असा संग्रह करीत आहे. सांताक्रूझ येथील विद्यापीठाने वृंदाची भित्तिपत्रके, तिकिटे, इतकेच नव्हे तर तिकिटे मागविताना रसिकांनी चित्रांनी सजविलेले लिफाफेही २०१२ पासून इंटरनेटवर पाहावयास ठेवले आहेत.

१९९५ साली जेरी गार्सिया या प्रमुख गिटारवादकाच्या निधनानंतर तो वृंद विसर्जित झाला. त्याचे स्वर मात्र आजही कोणीही घरबसल्या ऐकू शकतो. कुलपात ठेवलेले धन एका पावसाने नासते. वाटून घेतलेले धन सहसा हरवत नाही.